शेवग्याची खपली

झाडांचा मला लहानपणापासून लळा आहे. त्याचा त्रास झाडांना होतो, हा भाग वेगळा.

जेसल पार्कात आमच्या बिल्डिंगच्या गेटजवळ एक शेवगा आहे. तळमजल्यावरच्या मावशींनी नांदेडकडून, माहेराहून फांदी आणून खोचली होती, ती जगली. अख्खी बिल्डिंग त्याच्या शेंगा खाते आणि शेंगा संपल्या की पानांच्या कचऱ्याबद्दल तक्रार करते.

दिवाळीत सोसायटीचा कंदील कुठे टांगायचा, हा प्रश्न मी चुटकीसरशी सोडवला. शेवग्याच्या खोडात लांबलचक खिळा ठोकला. कंदील झकास दिसला. पुढे खिळ्याभोवती डिंक ओघळू लागला, आधी पांढरट, मग तांबूस. खिळा माझा आणि डिंक खिळ्यापाशीच, तरी या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं असेल असं मला वाटलं नाही. झाडाला रोग झालाय, असं निदान करून मी मोकळा झालो. आणि गप्प बसायचं सोडून ते सेक्रेटरींना सांगितलं.

सेक्रेटरींना त्या झाडाच्या जागी कधीपासून दोन गाड्या उभ्या दिसत होत्या. "बीमार आहे ना? मग काढून टाकू," ते म्हणाले. "मीटिंगमध्ये पास करून घेतो, मग महापालिकेत अर्ज."

मावशींनी मला जिन्यातच गाठलं. "तुमच्याच तोंडून निघालं ना, भाऊ? आता तुम्हीच बरं करा त्याला."

मी उपचार सुरू केले. रोज सकाळी बोथट सुरीनं डिंक खरवडायचा आणि जखम जंतुनाशकानं पुसायची. दुसऱ्या दिवशी डिंक हजर. मग मी आणखी खोल खरवडायचो. येणारेजाणारे मला डॉक्टर म्हणू लागले. ते मी कौतुक म्हणून घेतलं.

याच सेवेत एकदा स्टुलावरून पडलो आणि गुडघा फोडून घेतला. पुढे टीव्ही बघता बघता खपली नखानं उचकटत बसलो होतो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, खालून भरून येतंय आणि वरून तुम्ही उकरताय. बरं कसं होणार?"

माझं नख जागच्या जागी थांबलं. मोबाइलवर शोधलं. झाड जखमेच्या तोंडाशी डिंकाचा बूच बसवतं, आत लाकडात जखमेभोवती भिंत घालतं आणि बुरशीला बाहेरच अडवतं, असं तिथे लिहिलं होतं. म्हणजे ते बिचारं रोज दार लावून घेत होतं आणि मी रोज सकाळी सुरी घेऊन उघडायला जात होतो.

त्यानंतर मी सगळ्यात अवघड उपचार केला: काहीच केलं नाही. पण डॉक्टरकी एकदम सोडली तर लोक विचारतील, म्हणून रोज सकाळी झाडासमोर गंभीर चेहऱ्यानं उभा राहायचो. मीटिंगच्या सुमारास डिंक सुकून दगडासारखा झाला होता, सालीची फुगीर कड खिळ्याकडे सरकत होती आणि वर फुलं आली होती. सेक्रेटरींनी मान वर करून फुलं बघितली, खाली आपली गाडी बघितली आणि अर्जाचा विषय नाइलाजानं सोडला.

मला मात्र पुढे सोसायटीच्या कार्यक्रमात शाल आणि नारळ मिळाला. मीही झाडांच्या मनातलं ओळखण्याविषयी चार शब्द बोललो. स्टेजवरून खाली उतरलो तर सेक्रेटरींनी हौसेनं बनवून घेतलेला, माझ्या नावाचा 'झाडे जगवा' हा बोर्ड शेवग्यावर लागलाही होता. चार कोपऱ्यांना चार खिळे.

थोड्याच दिवसांत चारही ठिकाणी डिंक आला. मावशी खिडकीत उभ्या होत्या आणि झाडाकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होत्या. मी दोन्ही हात खिशात घातले.