गच्चीवरचा ओटीपी

जर्मनीला नोकरीसाठी निघालो तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं माझं जुनं सिमकार्ड एका बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात ठेवला. म्हणालो, "आबा, याच्यावर बँकेचा मेसेज आला की आकडे वाचून दाखवायचे. बस, एवढंच काम."

"एवढंच?" आबा म्हणाले आणि फोन सदऱ्याच्या खिशात टाकला.

खरं तर बँकेत जाऊन नंबर बदलायला अर्धा दिवस लागला असता. तो अर्धा दिवस मी लोणच्याची बरणी स्वेटरमध्ये गुंडाळण्यात घालवला. बरणी विमानात फुटली. स्वेटरला अजून वास येतो.

आमचं घर शहराच्या टोकाला, हर्सूलच्या पुढं, फुलंब्रीच्या रस्त्याला. आबांनी प्लॉट घेतला तेव्हा भोवती मका होता. मी गेलो त्याच वर्षी समोर सात मजली इमारत उभी राहिली आणि तिनं आमच्या दोन गोष्टी अडवल्या. एक सकाळचं ऊन, आणि दुसरी माझ्या सिमची रेंज. आबांचा स्वतःचा फोन दुसऱ्या कंपनीचा, तो घरात नीट चालायचा. माझ्या फोनवर मेसेज यायचा तो फक्त गच्चीवर, आणि तिथंही काळ्या टाकीला खेटून उभं राहिलं तरच. त्यामुळं मला बँकेचं काही करायचं असलं की आबा एका कानाला स्वतःचा फोन आणि दुसऱ्या हातात माझा फोन घेऊन जिना चढायचे. कठड्याला धरायला हात उरायचा नाही, हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने गेले.

त्यात दुष्काळ. दोन पावसाळे कोरडे गेले होते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढं. बोअर आटलेली. आमच्या लाइनीतली सगळी घरं टँकरवर. टँकरवाला म्हणायचा, "आधी पैशे टाका, मग गाडी निघती." ते पैसे मी माझ्या खात्यातून टाकायचो. आई गेल्यापासून आबा घरात एकटे होते, आणि त्यांच्यासाठी मी तिकडून जे काही करू शकत होतो ते एवढंच होतं. मी आकडे टाकले की कितीतरी देश ओलांडून टाकीत पाणी पडायचं. त्याची मला फार ऐट होती.

पैसे टाकायचे म्हणजे ओटीपी, आणि ओटीपी म्हणजे आबा. तिकडं नीट उजाडायच्या आत मी स्वयंपाकघरात उभा राहून फोन लावायचो. पायऱ्यांचा आवाज यायचा, आबांचा श्वास यायचा, मग टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज.

"आबा, आधी मेसेज बघा ना."

"बघतो की. पाणी तर बघू दे. बोटभर हाय तळाला."

"मेसेज आला का?"

"आला. घे लिहून. बावीस. एकाहत्तर. चौदा."

आबा आकडे कायम जोडीनं सांगायचे. ते सिल्लोडकडच्या मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी संध्याकाळी मेंढरं आत घेताना दोन-दोन करून मोजायची सवय. पुढं वाळूजच्या कंपनीत फिटर झाले, नट-बोल्टसुद्धा जोडीनंच मोजले. मी एकदा म्हणालो, "एकेक आकडा सांगा हो." तर म्हणाले, "एकटं काय मोजायचं? एकटं मोजलं की चुकतं."

मग दोन वाक्यं इकडची, दोन तिकडची. "जेवला का?" "आत्ताशी उठलोय." "थंडी हाय का?" "आहे." "बरं." यापलीकडं आम्हा दोघांचं बोलणं कधी गेलंच नाही. आई असताना ती दोघांच्या वतीनं बोलायची. ती गेल्यावर आमच्या दोघांत बोलायला विषय उरला तो बँकेचा.

मग ती सकाळ आली. टाकी रिकामी, टँकरवाला तयार, मी घाईत. आबांनी सांगितलं, "छत्तीस. एकोणऐंशी. दहा." एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, हे मला तिसरीत पाठ होतं. मास्तरांनी त्यासाठी कान पिळला होता. पण त्या दिवशी कान 'ऐंशी' ऐकून मोकळा झाला आणि बोटानं आठ दाबला. चूक. दुसरा ओटीपी मागवला. त्यात आलं एकोणसाठ. मी सहाचा आकडा दाबला. पुन्हा चूक.

"काय टाकलंस?" आबांनी विचारलं.

"सहा नऊ."

"अरं, एकोणसाठ म्हणलं मी! इंजिनेर ना तू?"

तिसऱ्या वेळी मी इतका सावध झालो की दर आकडा दोनदा विचारला, आणि तेवढ्यात वेळ संपली. पडद्यावर लाल अक्षरं आली. खातं बंद. उघडण्यासाठी कृपया आपल्या मूळ शाखेत यावे.

मूळ शाखा शहरातल्या छावणी भागात. मी कॉलेजात असताना तिथं खातं काढलं होतं, कारण शेजारच्या गाड्यावर भजी चांगली मिळायची.

पुढचे दोन महिने माझी रोजची सकाळ बँकेच्या मदतकेंद्राबरोबर गेली. आधी बासरी वाजायची. मग एक बाई सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत असं मला दुसरं कुणी म्हणत नव्हतं. मी राहायचो त्या गावात रविवारी रस्त्यावर माणूस दिसत नसे. ऑफिसात लोक सोमवारी 'कसा गेला शनिवार-रविवार' विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत कॉफीकडं वळायचे. त्यामुळं ती बासरी संपून खरी मुलगी बोलायला लागली की मला उगाच बरं वाटायचं.

"सर, आपण होम ब्रँचला भेट द्या."

"ताई, मी जर्मनीत आहे."

"मग सर, आपल्याला जवळ पडेल तेव्हा भेट द्या."

"जवळ कधीच पडणार नाही हो."

"ओके सर. आणखी काही मदत करू शकते का?"

एकदा मी तिला विचारलं, "तुमच्याकडं पाऊस आहे का?" ती मग हळूच म्हणाली, "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय." मी माफी मागून फोन ठेवला आणि दिवसभर लाजत फिरलो.

शाखेत थेट फोन लावला तर एक साहेब बोलायचे. माणूस गोड. "अरे भाई, खुद आना पडता. साइन सामने होना. हमारे हात में होता तो हम करके नै देते क्या?" नंबर ऑनलाइन बदलता येईल का विचारलं तर म्हणाले, येतो, जुन्या नंबरवर ओटीपी येईल. मी तसंही करून बघितलं. आबा गच्चीवर चढले, टाकीला खेटून उभे राहिले. मेसेज आला. त्यात आकडे नव्हते. आपले खाते बंद असल्याने ही सेवा देता येत नाही, असं होतं. आबांनी ते पूर्ण वाचून दाखवलं, शेवटच्या धन्यवादासकट.

या सगळ्यात टँकरचं काय, हे मी आबांना विचारायचो. ते म्हणायचे, "चाललंय. तू नको बघू." मी मान्य केलं. मान्य करणं सोयीचं होतं. मग एके दिवशी शेजारच्या वहिनींचा फोन आला. त्या आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात आणि सहसा फोन करत नाहीत.

"भाऊ, रागावू नका, पण एक सांगते. तुमचे आबा कोपऱ्यावरच्या टँकरला कॅन घेऊन लाइनीत उभे राहतात. आमचे हे म्हणाले, आमच्यातून घ्या पाणी, तर ऐकत नाहीत. आणि तो कॅन घेऊन पुन्हा गच्चीवर चढतात. टाकीत ओततात."

"टाकीत? खाली वापरायचं सोडून?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, पोरगा विचारतो टाकीत किती हाय. सांगायला तर पायजे काही."

मी त्याच दिवशी रजा टाकली.

घरी पोचलो तर आबा दारात. वाळले होते. "कशाला आलास?" म्हणाले.

"बँकेसाठी."

"बँकेसाठी इमानात बसून?" असं म्हणून ते आत गेले आणि माझ्यासाठी पाणी आणलं. पेला अर्धा होता. मी अर्धाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी छावणीत. भज्यांचा गाडा गेला होता, रस्ता रुंद झाला होता, शाखा मात्र तिथंच. फोनवरचे गोड साहेब समोर बसलेले. मी ओळख दिली तर उठून हात मिळवला. "आ गए भाई! जर्मनी से? हमारे वास्ते?"

मी पासपोर्ट ठेवला. त्यांनी बघितला, मग कॉम्प्युटरकडं बघितलं. "पत्ता मॅच नै होरा."

"काय झालं?"

"पासपोर्ट पे औरंगाबाद है. हमारे इधर छत्रपती संभाजीनगर आता."

"साहेब, गाव तेच आहे. मी तिकडं असताना नाव बदललं."

"वो मेरे कू मालूम है. कॉम्प्युटर कू कौन समझाएगा?" शेवटी त्यांनी आबांच्या लाइट बिलावर भागवलं. मग सही. अठराव्या वर्षी मी एक सही बसवली होती, खाली दोन रेघा, वर एक गिरकी, जणू काही रोज लोक मागायला येणार होते. ती गिरकी आता जमेना. सहा-सात कागद वाया घालवल्यावर साहेब म्हणाले, "घबराओ नको. मन में गाना बोलो और करो." केली. जमली. खातं उघडलं.

"बस, अब नंबर चेंज. पुराने फोन पे ओटीपी आएगा, वो बोलो."

मी खिसा चाचपला. मग दुसरा. जुना फोन घरी होता, आबांच्या सदऱ्याच्या खिशात.

साहेबांनी डोक्याला हात लावला. मी इतक्या दूरवरून उडून आलो, रजा घातली, आणि बँकेच्या काउंटरवर उभा राहून पुन्हा आबांनाच फोन लावला.

"आबा, गच्चीवर जा."

"तू तर बँकेत गेला ना रे?"

"हो, बँकेतूनच बोलतोय. सावकाश चढा. कठडा धरा."

पायऱ्या. श्वास. झाकणाचा आवाज. साहेब घड्याळाकडं बघतायत.

"टाकी भरली का रे तू?" आबांनी विचारलं. सकाळी निघायच्या आधी मी रोख देऊन टँकर बोलावला होता.

"हो. आकडे सांगा."

"काठोकाठ हाय. ढग दिसतोय त्यात."

"आबा."

"सांगतो. अठ्ठावीस. तेरा. बावन्न."

मी साहेबांना सांगितले, त्यांनी टाकले. बरोबर. साहेबांनी टाळी दिली. "मुबारक हो. अब्बा कू अब तकलीफ नै." मी आबांना सांगितलं, "झालं. आता तुम्हाला कधीच वर चढायला नको."

झाकण परत बसवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं झालं."

परत गेलो. आता ओटीपी माझ्याच हातात, माझ्याच फोनवर येऊ लागला. टँकरचे पैसे चुटकीसरशी जायचे. रात्रीही टाकता यायचे, कुणाला उठवायला नको. मी एकदा रविवारी नुसता फोन केला. "काय रे, काय अडलं?" आबा घाबरून म्हणाले. "काही नाही, सहज." "सहज?" मग "जेवला का?" मग "थंडी हाय का?" मग आमचं संपलं. शेवटी त्यांनी विचारलं, "बँकेचं नीट चाललंय ना?" मी म्हणालो, "एकदम." हे सांगताना मला आनंद व्हायला हवा होता. त्यानंतर फोनांमधलं अंतर वाढत गेलं. बँकेच्या बासरीचीसुद्धा मला आठवण यायला लागली, यावरून काय ते समजा.

मग एका सकाळी मी पाव कापत होतो आणि फोन वाजला. आबा. त्यांनी स्वतःहून कधी केला नव्हता. माझ्या हातातला सुरा तसाच राहिला.

"काय झालं आबा?"

"काय नाय. नंबर आलाय. घे लिहून."

"कसला नंबर? बँकेचा तर आता इकडं..."

"तुझ्या फोनवर आलाय. लवकर घे, टायम जाईल."

मागून हाक ऐकू आली. "ओ आबा, कोड सांगा ना! लई गाड्या राहिल्या अजून!" गॅसवाला फाटकापाशी सिलिंडर घेऊन उभा होता. गॅसच्या कार्डाला माझा जुनाच नंबर होता, तो बदलायचं मी विसरलो होतो. तो कोड आबांनी गच्चीवरून खाली त्या माणसाला सांगायचा होता. त्यात माझं काही काम नव्हतं.

"थांब रे जरा," आबा खाली ओरडले. "पोरगा लिहून घेतोय."

मी पेन शोधलं. पावाच्या कागदी पिशवीवर लिहायला घेतलं.

"सांगा."

"चौतीस. एकोणसाठ."

"तीन चार. पाच नऊ."

"शिकला," आबा म्हणाले. मग खाली ओरडून त्यांनी तोच नंबर गॅसवाल्याला सांगितला, जोडीनंच. सिलिंडर फाटकातून आत आल्याचा खणखणाट मला इकडं ऐकू आला.

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही. थोड्या वेळानं झाकण सरकल्याचा आवाज आला.

"किती आहे आबा?"

"अर्धी हाय," ते म्हणाले. "थांब, नीट बघून सांगतो."