पोच न मिळालेली मुले

नानांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. समितीला तसे फोनवर कळवलेही होते. मग समितीने नानांच्या परिचयाचा मजकूर शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवला. त्यात एक वाक्य होते: ‘नानांनी हिवरद्याला लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे.’ हिवरद्याची शाळा गेल्या उन्हाळ्यात बंद झाली. दाराला कुलूप आहे. समितीतल्या निम्म्या मंडळींना हे माहीत आहे, कारण ती त्याच रस्त्याने धुळ्याला जातात. ते वाक्य मी खोडले. पण त्या जागी काय लिहायचे ते एका ओळीत मावेना. म्हणून हा लेख.

ज्यांना नाना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. आनंदा सुकलाल पाटील हे पारोळा तालुक्यातल्या हिवरद्याचे. सैन्यात होते, पण शिक्षण विभागात. बंदूक सगळ्यांसारखी शिकले आणि नोकरीभर जवानांना शिकवत राहिले: अक्षरओळख, नकाशा, बढतीच्या परीक्षेचे गणित, घरी पत्र कसे लिहायचे ते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा गावाबाहेरच्या भिल वस्तीतले एकही मूल शाळेत जात नव्हते. नानांनी चार माणसे जमवून संस्था काढली आणि वस्तीच्या तोंडाशीच पहिली ते सातवीची शाळा सुरू केली. वयाने सोडायला लावेपर्यंत ते मुख्याध्यापक होते, नंतर संस्थेचे सचिव. मी त्या शाळेत पहिल्या नोकरीपासून निवृत्तीपर्यंत शिकवले.

माझी त्यांची पहिली भेट मुलाखतीची. मी जळगावहून एस.टी.ने पारोळ्याला उतरले आणि तिथून काळ्यापिवळ्या जीपमध्ये बकऱ्यांशेजारी बसून हिवरद्याला पोचले. अंगणात एक उंच गृहस्थ उकिडवे बसून एका मुलीची नखे कापत होते. मी नाव सांगितले. त्यांनी मान वर केली नाही.

“बसा बाई. दोन बोटं राहिलीत.”

नखे झाली. मग विचारले, “किती दिवस राहणार?”

मी खरे ते सांगितले. “जळगावला जागा मिळेपर्यंत.”

मुलाखतीला बसलेले संस्थेचे बाकीचे पंच एकमेकांकडे पाहू लागले. नाना मात्र हसले. “सकाळपासून तिघं येऊन गेले. तिघांनी जन्मभर राहतो म्हणून सांगितलं. तुम्ही उद्यापासून या.”

नानांना खरे बोलणाऱ्यांची अशी ओढ होती. तिचे काय झाले ते पुढे येईलच.

नानांची एक पद्धत होती, तशी मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिली नाही. सातवी झालेल्या मुलाला दाखला देऊन ते मोकळे होत नसत. सैन्यात चौकीवरचा माणूस पुढच्या माणसाला सगळे समजावून दिल्याशिवाय हलत नाही, तसे ते प्रत्येक मुलाला स्वतः पुढच्या शाळेत नेत आणि तिथल्या मुख्याध्यापकांकडून त्याची पोच घेत. साध्या कागदावर, सहीनिशी. मुलाचे नाव, त्याला काय येते, काय येत नाही, आणि काय सांभाळायचे.

सुनंदा नावाच्या मुलीला पारोळ्याच्या हायस्कूलमध्ये न्यायचे होते तेव्हा मी सोबत होते. तिथले मुख्याध्यापक तो कागद पाहून खो खो हसले. “नाना, पोरगी देताय का म्हैस?”

“म्हैस दिली तर बाजारात पावती मिळते, सर. हिची नको?”

“बरं, आणा. काय लिहू?”

“डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पुढच्या बाकावर बसवा. आणि गणितात वरचढ आहे, तिला स्वयंपाकाच्या स्पर्धेत घालू नका.”

त्यांनी हसत हसत सही केली. वर्षभर सुनंदा पुढच्या बाकावर होती, कारण नाना दर महिन्याला पारोळ्याच्या बाजाराला जात आणि खिडकीतून पाहून येत. आज ती धुळ्याला एका दवाखान्यात परिचारिका आहे.

अशा कथा या ग्रंथात इतरांनीही लिहिल्या असतील, आणि त्या खऱ्या आहेत. पण ज्यांना पोचते केले ती सगळी पोचली नाहीत, हेही खरे आहे. कितीतरी मुलींची नवव्या इयत्तेत लग्ने झाली. मुले चाळीसगावच्या स्टेशनावर हमालीला लागली. एक जण दारूने गेला. त्याच्या तेराव्याला नाना मागे भिंतीला टेकून बसले होते, आणि जाताना मला एवढेच म्हणाले, “बाई, त्याचं अक्षर फार चांगलं होतं.”

त्यांचा स्नेहही याच रीतीचा होता. माझे यजमान धुळ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होते तेव्हा माझा वर्ग नानांनी घेतला. विचारपूस करायला ते एकदाच आले, तेही बाहेरच्या बाकावर बसून डबा ठेवून गेले. मी परत रुजू झाले त्या दिवशी मात्र वर्गाच्या दारात उभे राहून त्यांनी माझा वर्ग मला परत दिला. “रेखाला भागाकार येतो, फक्त फळ्यापुढं घाबरते. तुकाराम दोन दिवस जेवलेला नाही, आई माहेरी गेलीय. बाकी सगळे हजर. घ्या.” मी दवाखान्यात रडले नव्हते. तिथे मला पाठ फिरवून फळा पुसावा लागला.

आता शाळा कशी बंद पडली ते लिहिते.

दिवाळी झाली की वस्तीतली बहुतेक घरे ऊसतोडीला जातात. मुकादम ट्रक आणतो, भांडीकुंडी, म्हाताऱ्या, कोंबड्या आणि मुले सगळे त्यात चढते. होळीनंतर कधीतरी परत येतात. तोवर अनेक शाळांत या मुलांची नावे पटावर तशीच राहतात आणि हजेरीही लागते. हे सगळ्यांना ठाऊक असते, कोणी कोणाला विचारत नाही.

नानांना ते चालत नव्हते. ट्रक गेला की आठ-पंधरा दिवसांनी तेही पिशवी घेऊन निघत, कारखान्याच्या परिसरात पालांच्या वस्त्या शोधत आणि प्रत्येक मूल जवळच्या शाळेत नेऊन बसवत. तिथल्या शिक्षकांकडून पोच घेत. मुले परतली की त्यांची नावेही परत येत. अनेक वर्षे हे चालले, आणि त्या मुलांचे वर्ष कधी बुडाले नाही.

पूर्वी दाखला कागदावर असे. आता नाव संगणकावर हलते, आणि एकदा हलले की समोरच्या शाळेने सोडेपर्यंत तिचेच राहते. मी तेव्हा निवृत्त झालेले, पण आठवड्यातून दोनदा शाळेत जात असे. मी नानांना स्पष्ट सांगितले.

“नाना, मुलांना तिकडे बसवा, पण नावं इथंच राहू द्या. सगळे ठेवतात.”

“जे मूल इथं नाही त्याला हजर कसं म्हणू?”

“म्हणू नका. गप्प बसा फक्त.”

“आणि तिकडच्या शाळेनं त्याला कुठल्या नावानं जेवण द्यायचं, कुठल्या नावानं पुस्तक द्यायचं? पाहुणा म्हणून?”

त्या वर्षीही नानांनी नावे तिकडे हलवली.

ऐन हंगामात पट मोजायला माणसे आली. वर्गात, प्रवास न झेपणाऱ्या आजीपाशी वस्तीत ठेवलेली मोजकी लहान मुले तेवढी होती. कागदही तेच सांगत होते, कारण आमचे कागद खरे होते. पट कमी म्हणून शाळा बंद करण्याचा आणि मुले पलीकडच्या शाळेत सामावून घेण्याचा आदेश निघाला. ती पलीकडची शाळा म्हणजे चौपदरी महामार्गाच्या पल्याड. पहिलीतल्या पोराने तो रस्ता कसा ओलांडायचा, हे आदेशात नव्हते.

नाना पारोळ्याला गेले, जळगावला गेले. मी एकदा बरोबर होते. टेबलापलीकडचे गृहस्थ सभ्य होते, चहा मागवला.

“नाना, तुम्ही आम्हाला आदरणीय आहात. पण पट दाखवा.”

“होळीनंतर या, मुलं दाखवतो.”

“मुलं नकोत हो. पट.”



होळीनंतर ट्रक परत आला. वस्तीतला बारकू नानांच्या अंगणात येऊन उभा राहिला. हा नानांच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थी, आता बाप झालेला. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरे झाले असते. बाकीच्या शाळा नावे ठेवतात, मग आमच्याच पोरांची का काढली, एवढेच त्याने आपल्या अहिराणीत विचारले.

“नाना, बठ्ठ्या शाळास्मा नाव तशेच ऱ्हातस. आम्हनाच पोरेस्नं नाव तुम्हीन कसाले काढं?”

“तठे शिकना ना तुना पोऱ्या?” नानांनी विचारले.

“शिकना,” बारकू म्हणाला. “आते आठे काय करी?”

नाना उठून आत गेले. त्यांच्या घरून चहा न घेता परतलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

नानांनी केले ते बरोबरच होते, असे मी मानते. त्यांच्या जागी मी असते तर मी ते केले नसते, आणि शाळा आज उघडी असती. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि ती शेजारी ठेवून मला काहीही शिकवण काढता येत नाही. तरुण शिक्षक मला फोन करून विचारतात, बाई, आम्ही काय करावे? मी सांगते, मला माहीत नाही. मोठी मुले महामार्ग ओलांडून जातात, त्यातली काही. लहान वस्तीतच असतात. दुपारी त्या बाजूने गेले तर शाळेच्या ओट्यावर खेळताना दिसतात.

सामान ताब्यात घ्यायला एक तरुण अधिकारी आले होते. नानांनी त्यांच्याशी एकदाही आवाज चढवला नाही. बाके झाली, कपाट झाले, नकाशे झाले. मग नानांनी वस्तीतून बोलावलेली लहान मुले ओळीने उभी केली.

“आता ही घ्या, साहेब.”

“नाना, मुलांचं काम सिस्टीमवर होतं.”

“सिस्टीम कुठं आहे? मी तिथं घेऊन जातो. मला सवय आहे.”

त्या तरुण अधिकाऱ्याने खाली पाहिले. “मला नका हो लाजवू, नाना. मी फक्त सामान मोजायला आलोय.”

नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमची चूक नाही. बाई, लिहून घ्या.” आणि मी लिहून घेतले.

हल्ली नाना घरीच असतात. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे राहिले. गुडघे साथ देत नाहीत. या सत्काराला त्यांनी ‘नको’ म्हटले होते. हॉल ठरला आहे म्हटल्यावर म्हणाले, “मग लोकांची गैरसोय नको.” धुळ्याच्या त्या हॉलमध्ये ते येतील, शाल घेतील, नीट बसतील. कोणी त्यांना कृपा करून वटवृक्ष म्हणू नये.

नाना, तुम्हाला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभावे, असे मी मनापासून म्हणते. त्या आयुष्यात तुम्हाला काय पाहावे लागेल, याची मला धास्ती वाटते, तरीही म्हणते. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन लवकर करून घ्या. चालताना काठी वापरा. रात्री झोप येवो. याहून मोठे काही मागण्याचे बळ माझ्यात उरलेले नाही.

समितीला विनंती, की त्या दिवशी मी लिहून घेतलेले पुढे आहे तसे छापावे.

हिवरदे येथील शाळेचे हस्तांतर.

बाके, एक मोडके धरून सर्व. दिली, घेतली. दोन्ही सह्या.

लोखंडी कपाट, किल्लीसह. दिले, घेतले. दोन्ही सह्या.

भिंतीवरचे नकाशे, जिल्ह्याचा फाटलेला. दिले, घेतले. दोन्ही सह्या.

पाण्याची टाकी, खिचडीची पातेली, झाकणे. दिली, घेतली. दोन्ही सह्या.

इमारतीची कुलपे. दिली, घेतली. दोन्ही सह्या.

रोशनी, पहिली. अक्षरे ओळखते, जोडाक्षरे नाही. आजीजवळ राहते, आजीला दिसत नाही.

सागर, पहिली. बोबडा आहे. उत्तर येते, वेळ द्यावा.

मनीषा, दुसरी. धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते. त्याच्यासकट बसू द्यावे.

अजय, दुसरी. बारकूचा मुलगा. वाचन उत्तम. रस्त्याला घाबरतो, एकटे पाठवू नये.

ही मुले दिली. घेणाऱ्याची सही नाही.