गळ्यातला चाकू आणि तुटणारा दोरा

आमची पोस्टिंग कल्याणजवळच्या मोहन्याला आली तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोनेक वर्षं झालेली. मी सॅपर होतो. सॅपर म्हणजे फौजेतला पूल बांधणारा, रस्ता करणारा, सुरुंग काढणारा माणूस. आमच्या कंपनीची एक तुकडी उल्हास नदीच्या काठी तंबू ठोकून राहिली. काम होतं वॉटरमनशिपचं, म्हणजे वाहत्या पाण्यावर होड्या, तराफे आणि रस्से हाताळायचं ट्रेनिंग.

मी आजऱ्याकडचा. इयत्ता चौथीत शाळा सुटली आणि पुढे भरतीच्या रांगेत उभा राहिलो. त्याआधी मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावचा ओढा. तुकडीत आल्यापासून मला एकच धास्ती होती, की कुठेतरी चूक होईल, नाव कमी होईल आणि हात हलवत घरी जावं लागेल. घरी पाच तोंडं माझ्या मनीऑर्डरवर होती. म्हणून मी जे सांगतील ते करायचो, आणि जे सांगितलं नाही ते करताना कुणाला दिसणार नाही असं बघायचो. हे शेवटचं वाक्य पुढे कामाला येणार आहे.

हे लिहायला निमित्त झालं ते आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या शेजारणीचं. बँकेत नोकरी, रविवारी डोंगर चढायला जातात. परवा जिन्यात त्यांनी माझ्या शर्टाच्या आत काहीतरी बघितलं.

"काका, ताईत का हो?"

"नाही. चाकू."

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मी पण घेणार होते तसा. गळ्यात घालायचा. रोज वापरायला सोयीचा असतो का?"

जिन्यात उभ्या उभ्या मी "असतो आणि नसतो" एवढंच बोललो. ते उत्तर अर्धवट राहिलं. पुरं उत्तर इथे देतो.

फौज आम्हाला जॅक नाइफ द्यायची. घडीचा चाकू, वजनदार, कमरेला पांढऱ्या लॅनयार्डने, म्हणजे पक्क्या विणलेल्या दोरीने, बांधलेला. चाकू चांगला, पण पातं उघडायला दोन हात आणि एक मजबूत नख लागायचं. पाण्यात भिजला की तेही पुरायचं नाही. होडीत माणसाचा एक हात कायम कशाला तरी धरलेला असतो. दुसरा एकच उरतो.

लान्स नाईक धर्मा भोईर हा आमच्या सेक्शनचा कमांडर. आंबिवली स्टेशनच्या पलीकडच्या गावातला, आगरी. फौजेने देशभर फिरवून त्याला त्याच्याच नदीवर आणून सोडलेलं, आणि याचं त्याला फार हसू यायचं. त्याच्या गळ्यात करंगळीपेक्षा थोडा लांब चाकू होता, घडी नसलेला, लाकडी म्यानात उलटा लटकवलेला. मूठ खाली, छातीच्या मधोमध. खाली ओढला की चाकू हातात. त्याचे वडील ठाण्याच्या खाडीवर मिठागरात कामाला होते आणि उरलेल्या वेळात मासे धरायचे. जाळ्यात पाय अडकला तर कापायला म्हणून त्यांनी तो मोडक्या कानशीतून लोहाराकडून करून घेतलेला. वडील गेले, चाकू धर्माकडे आला.

मला पाण्याची भीती वाटते हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्याने तसलाच एक चाकू माझ्यासाठी करवून आणला.

"घे. भीती जानार नाय. पन हातान कायतरी र्‍हाईल."

रविवारी पास मिळाला की तो मला घरी घेऊन जायचा. त्याची आई पारूबाई. तांदळाची भाकरी, सुकट, वर कांदा. मला माझ्या आईची आठवण यायची आणि मी हळूहळू जेवायचो. मला ते आवडत नाही असं बाईंना वाटायचं.

"याला आमचं जेवान नाय आवरत," त्या धर्माला म्हणायच्या.

"आवरतंय, आये. ते घाटावरचं हाय, इचार करून चावतंय."

पहिल्याच वेळी त्यांनी माझ्या गळ्यातला चाकू बघितला. मी तो तंबूच्या दोरीत ओवलेला, दोन गाठी मारून. हरवू नये म्हणून. बाईंनी भाकरीचं पीठ लागलेल्या हाताने ती दोरी धरली आणि जोरात ओढली. माझं डोकं पुढे आलं, दोरी काही तुटली नाही.

"कोनी बांदली ही?"

"मीच."

"मराचं हाय का तुला?"

त्यांनी दोरी कापून चुलीत टाकली. कोनाड्यातून कच्च्या सुताचा दोरा काढला, दुहेरी केला, म्यानाला बांधून माझ्या गळ्यात घातला आणि पुन्हा झटका दिला. दोरा तुटला, चाकू मांडीवर पडला. मग तसलाच दुसरा दोरा घेऊन बांधला. त्यांच्या घरातली रीतच ती. एक दोरा तोडून बघायचा, तुटला की त्याच लडीतला दुसरा घालायचा. दर पुनवेला नवा.

"पान्यान कायपन अरकतंय," त्या म्हणाल्या. "झाडाचं मूल, फांदी, जालं. दोरा तुटाला पायजे. चाकू गेला तं दुसरा करू."

आता सोयीचं सांगतो. महिनाभरात मला त्या चाकूची सवय झाली. दोर कापायला, कांदा सोलायला, तंबूची खुंटी तासायला तोच. वाकलं की तो पुढे झुलतो आणि होडीच्या काठावर आपटतो, म्हणून बनियनच्या आत घालायचा. घामाने गंजतो, म्हणून रोज खोबरेल. पळताना छातीवर नाचतो. झोपताना काढावा लागतो. म्यान ढिलं झालं तर चाकू आपणहून पडतो, म्हणून दर रविवारी म्यान उलटं धरून हलवून बघायचं. कल्याण स्टेशनवर एकदा शिपायाने विचारलं, "हे काय घालून फिरतो?" युनिफॉर्म होता म्हणून सुटलो. साध्या कपड्यांत असतो तर चौकीत बसलो असतो.

मी तो बनियनच्या आत घालायचो त्याला अजून एक कारण होतं. हवालदार जाधव.

जाधव साताऱ्याकडचे. परेडवर कायम हिंदी बोलायचे, जणू मराठी घरी ठेवून आलेले. पाण्यावर त्यांचा एक नियम होता आणि तो बरोबरच होता. प्रत्येक हत्यार बांधलेलं पाहिजे. हातोडा, पाना, कुऱ्हाड, सगळ्याला लॅनयार्ड. पाण्यात पडलेलं हत्यार परत येत नाही, आणि अर्ध्या पुलावर हातोडा गेला तर पूल तसाच राहतो. जुन्या सॅपरच्या अंगात हे एवढं मुरतं की तो चहाचा मगसुद्धा बांधून ठेवतो.

श्रावणातल्या एका किट इन्स्पेक्शनला त्यांनी धर्माच्या गळ्यातला चाकू धरला.

"ये क्या है, भोईर?"

"चाकू, हवालदारसाब."

"किससे बांधा है? धागे से? पानी में गिरेगा तो?"

"दुसरा बना लेंगे, साब."

"लान्स नाईक हो. जवान तुमको देखते हैं. या तो उतारो, या लॅनयार्ड लगाओ."

धर्माने क्षणभर विचार केला. चाकू वडिलांचा होता, काढून ठेवणं त्याला जमलं नसतं. "लगाता हूँ, साब," तो म्हणाला. संध्याकाळी त्याने पांढरी लॅनयार्ड घेतली, म्यान आणि चाकू दोन्ही तिला पक्के बांधले आणि गळ्यात घातली. माझा चाकू बनियनच्या आत होता. हवालदारांनी बघितला नाही, मी दाखवला नाही.

"आयेला नको सांगू हां, भैरू," धर्मा म्हणाला. "पुनवेला बदलू."

पुनवेच्या आधीच नदी वर आली. वर घाटाकडे दोन दिवस धो धो पडत होता. सकाळी सहाला स्टँड टू झालं, म्हणजे सगळे तयारीत उभे. समोरच्या काठावर सखल जागी पाचसात झोपड्या होत्या, माणसं एका उंचवट्यावर अडकलेली. ऑर्डर आली, बोटीने काढा. नदीवर आडवा रस्सा आमचाच टाकलेला होता. फोल्डिंग बोटीचं नाक त्या रस्स्याला आखूड दोराने अडकवायचं आणि हातांनी रस्सा ओढत पलीकडे जायचं, असं काम. पुढे नाकावर धर्मा आणि मी. मागे वल्ह्यावर दोघं.

पहिली खेप नीट झाली. दुसऱ्या खेपेला एक म्हातारी, एक बाई आणि तिची दोन मुलं घेतली. म्हातारीने कोंबडी सोडायला नकार दिला.

"आजी, कोंबडीला पोहता येतं," मागचा एक जण म्हणाला.

"तुला येतं का?" म्हातारी म्हणाली. सगळे हसले. मीसुद्धा.

मधोमध आलो आणि काठावरून शिट्टी वाजली. वरून एक आख्खं झाड येत होतं, मुळांसकट. ते रस्स्यावर आदळलं, रस्सा खाली ताणला गेला, त्याबरोबर बोटीचं नाक पाण्यात दबलं. मी पुढच्या पुढे नदीत गेलो.

पाण्याखाली काही दिसत नव्हतं. मुळांनी मला घेरलेलं. मग गळ्याला कशाने तरी पुढून धरलं आणि खाली ओढलं. मी हातपाय मारले. मानेला एक झटका बसला आणि धरलेलं सुटलं. एवढंच. वर आलो तेव्हा माझ्या गळ्यात काही नव्हतं.

हात बोटीच्या काठाला लागला. वर बघितलं तर धर्मा नाकावर आडवा पडलेला. डाव्या हाताने काठ धरलेला, बोटीचं नाक त्याच्या खांद्यापर्यंत पाण्यात. उजवा हात छातीवर गेला, चाकू खाली ओढला, आखूड दोरावर एकदा फिरवला. दोर तुटला. बोटीचं नाक वर आलं. जॅक नाइफने ते झालं नसतं. ती चार माणसं त्या एका हातामुळे जगली, हे मी कुणापुढेही सांगेन.

चाकू सोडून त्याने माझी कॉलर धरली.

"पाय मार, भैरू."

मी पाय मारला. त्याने मला बोटीच्या काठावर ओढून घेतलं. त्यासाठी तो पूर्ण बाहेर वाकला होता, चाकू लॅनयार्डला लटकत होता. त्याच वेळी ते झाड पाण्यात कुशीवर वळलं. एक मूळ वर आलं, लॅनयार्डच्या फासात शिरलं आणि झाड उलटं फिरलं. धर्माचा हात माझ्या कॉलरवरून सुटला. तो ओरडला नाही. ओरडायला वेळच नव्हता.

वल्हेवाल्यांनी बोट नदीच्या काठाला लावली. वायरलेसवरचा जवान कंपनीशी बोलत होता.

"फोर सिव्हिलियन सेफ. वन मिसिंग. ओव्हर."

"नाव?"

"लान्स नाईक भोईर."

"से अगेन."

"भोईर. धर्मा भोईर."

पलीकडच्याने नाव पुन्हा उच्चारलं. मग, "वेट. आऊट."

दुपारी पाणी ओसरायला लागलं. झाड खाली गांधाऱ्याच्या बाजूला चिखलात टेकलेलं सापडलं. धर्मा त्याच्यापाशीच होता. लॅनयार्ड शाबूत होती. एक धागासुद्धा उसवला नव्हता.

पारूबाईंना गावातून आणलं होतं. त्या रडत नव्हत्या. चिखलात बसल्या, धर्माच्या तोंडावरची माती पुसली, मग त्यांचा हात गळ्याकडे गेला. आम्ही तोवर दोरी कापून काढलेली. वळ तेवढा होता.

त्यांनी वर बघितलं. "दोरा कनचा व्हता?"

कंपनीचे साहेब होते, सुभेदार होते. मला उत्तर माहीत होतं आणि मी हवालदारांकडे बघितलं. हवालदार जाधव पुढे आले. त्यांनी टोपी काढली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मराठी बोलताना ऐकलं.

"दोरी माझी हुती, आई. मी घाल म्हटलं, त्यानं घातली. आर्डर माझी."

बाईंनी ते ऐकून घेतलं. मग पदराने धर्माचे हात पुसायला घेतले.

दुसऱ्या दिवशी फॉल इनला, रांगेत उभं केल्यावर, हवालदार म्हणाले, "जिसके गले में कुछ है, बाहर निकालो." कुणाच्या गळ्यात देवाचा बिल्ला, कुणाच्या शिट्टी, कुणाच्या ओळखपट्ट्या. ते एकेकापुढे उभे राहिले, दोरी धरली आणि झटका दिला. जिथे तुटली तिथे म्हणाले, "गुड." जी तुटली नाही ती स्वतःच्या हाताने कापली. हत्यारांच्या लॅनयार्ड तशाच राहिल्या. तो नियम बरोबरच होता. कुठे लावायचा नाही, ते तेव्हा कळलं.

मी धर्माच्या घरी जायचं टाळत होतो. त्या बाईंसमोर मी जिवंत जाऊन बसायचं कसं? शेवटी त्यांनीच गावातल्या माणसाकरवी निरोप धाडला, घाटावरच्याला पाठवा म्हणून. हवालदारांनी न मागता पास दिला.

गेलो. बाईंनी पाट टाकला. धर्माचा चाकू त्यांच्याकडे आलेला, तेल लावून ठेवलेला. त्यांनी कोनाड्यातून सूत काढलं, म्यानाला बांधलं, माझ्या गळ्यात घातलं आणि झटका दिला. दोरा तुटला. त्यांनी त्याच लडीतला दुसरा बांधला, गाठ मारली, गाठीवर क्षणभर बोट ठेवलं.

"आता जेव," म्हणाल्या. "हलू जेव. मी हाय बसलेली."

फौज सुटल्यावर मी गावी परत गेलो नाही. मोहन्याच्या कारखान्यात गेटवर लागलो, पुढे ठाण्यात खोली घेतली. पारूबाई होत्या तोवर दर पुनवेला आंबिवलीला उतरायचो. मला दोन आया मिळाल्या. असं फार कमी जणांच्या वाट्याला येतं.

तर बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रोजच्या शहरातल्या कामाला गळ्यातला चाकू सोयीचा नाही. खिशातला बरा. डोंगरावर, पाण्यावर, जिथे एकच हात मोकळा असतो तिथे त्याच्यासारखा दुसरा नाही. घ्या हवा तर. त्याच्याबरोबर दुकानदार मजबूत दोरी देईल. ती घालू नका.

आता झटका मीच देतो. पुनवेला खिडकीत बसतो, सुताचा दोरा गळ्यात घालतो, ओढतो. तुटला की लान्स नाईक धर्मा भोईर असं एकदा मोठ्याने म्हणतो, आणि दुसरा बांधतो.