डावीकडचं मागचं दार

गाड्यांच्या कारखान्यात त्यांचं काम एकच. घरोघरी खपणाऱ्या त्या ऐसपैस गाडीला डावीकडचं मागचं दार बसवायचं. म्हणून सगळे त्यांना दारवाले म्हणत. दार लागताना ‘धप्प’ असा आवाज यायला हवा. ‘धाड’ आला की यांच्या कपाळाला आठ्या. हे खूळ घरीही आलं. फ्रिज असो, कपाट असो, लावून पुन्हा उघडायचं आणि कान द्यायचा. पाहुणे बाहेर पडतात न पडतात तोच मागे दार दोन-तीनदा लावून बघायचं. निम्मे नातेवाईक त्यापायी रुसले होते.

बायकोचं दुखणं वेगळंच. तिची ताई दरवेळी दोघांना आपल्या गाडीतून घरी सोडी आणि उतरताना बजावी, “भाऊजी, दार हळू लावा हं!”

आता सांगायचं तर कोणाला, दारवाल्यांना! बायकोचा जळफळाट होई. एकदा तरी ताईच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचं, एवढीच तिची इच्छा होती.

अखेर गाडी नोंदवली. ती कारखान्यात सरकत सरकत समोर आली, तेव्हा शेजारच्याने डोळा मारला, “तुझीच बरं का ही.”

झालं! एरवी एका दमात बसणारं दार दारवाल्यांनी लाडालाडाने सैल केलं, आवळलं, जरा उचललं, पुन्हा आवळलं. आणि दारवाल्यांचंच दार म्हटल्यावर तपासणाऱ्यानेही ते लावून पाहिलं नाही.

गाडी ताब्यात घेताना त्यांनी एकेक दार लावून पाहिलं. तीन दारं धप्प. चौथं धाड!

“ही न्यायची नाही,” दारवाल्यांचा चेहरा पडला.

“अहो, पण हे बसवलं कोणी?” बायकोने विचारलं.

आजवर असल्या आवाजाचं खापर त्यांनी दुसऱ्या पाळीवर फोडलं होतं. आज ती सोय नव्हती.

“मीच,” ते पुटपुटले. “नीट करून घेतो, मग नेऊ.”

“काही नको. आज ताईकडे जायचंय,” म्हणत बायको त्याच दारातून आत बसली.

ताईच्या इमारतीसमोर उतरून तिने दार लावलं. धाड! चार खिडक्या उघडल्या. ताई धावत गॅलरीत आली.

“अगं, हळू लाव की!”

“का म्हणून? आमच्या ह्यांनी बसवलंय ते!” बायको ओरडली आणि मागच्या इमारतीलाही कळावं म्हणून उघडून पुन्हा लावलं.

दारवाले लाजेने गाडीमागे दडले होते. ते बाहेर आले, शर्ट नीट केला आणि वर बघून हात केला.