डब्यातली क्रूसिबलं

माझ्यामुळे एका माणसाचं संशोधन सुटलं. हे मी आजवर दोघांनाच सांगितलं आहे, आणि दोन्ही वेळा फार उशिरा सांगितलं.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होतो. कॅल्शियम सल्फेटच्या पांढऱ्या भुकटीत डिस्प्रोशियम या दुर्मीळ मूलद्रव्याचा कणभर अंश मिसळायचा, ती भट्टीत भाजायची, किरणोत्सर्गाखाली ठेवायची आणि मग अंधाऱ्या खोलीत हळूहळू तापवायची, हे माझं काम. साठवून ठेवलेली ऊर्जा भुकटी तेव्हा प्रकाशाच्या रूपानं परत करते. यंत्र त्या प्रकाशाची रेघ कागदावर काढतं. रेघेचा डोंगर जितका उंच तितका नमुना चांगला. किरणोत्सर्गाजवळ वावरणाऱ्या माणसाला किती मात्रा लागली, हे अशा भुकटीवरून मोजता येतं, म्हणून आमच्या मार्गदर्शक सरांचा या कामावर जीव होता. एकच पथ्य होतं. लोखंडाचा लवलेश जरी शिरला, तरी प्रकाश विझतो. लोखंडाला आम्ही ‘मारक’ म्हणायचो.

भट्टी एक आणि वापरणारे आम्ही दोघं. दुसरा कोराडीहून यायचा. त्याचे वडील तिथल्या वीज केंद्रात होते. पहिल्या बसनं तो माझ्याआधी तासभर पोचायचा, म्हणून खोलीची किल्ली त्याच्याकडे. त्याचं काम युरोपियम या दुसऱ्या दुर्मीळ मूलद्रव्यावर होतं. त्याच्या भुकट्या अतिनील दिव्याखाली लालभडक दिसायच्या आणि तो त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं दाखवायचा. आमच्यापैकी एकाच्याच शिष्यवृत्तीला मुदतवाढ मिळेल असं सरांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी त्याच्या हातांकडे पाहू लागलो.

त्याच आठवड्यात माझा एक नमुना बिघडला. डोंगराच्या जागी टेकाडसुद्धा नाही. हे का झालं, मला आजही ठाऊक नाही. भट्टीचा विद्युतदाब खालीवर झाला असेल. तो मागे उभा राहून कागद पाहत होता.

“दिसप्रोशियम! नावातच ‘दिस’ आहे अन् दिसून तं काहीच नाही राहिलं गा,” तो म्हणाला.

सगळे हसले, मीही हसलो. पण डोक्यात एकच बसलं, की याला आधीच माहीत होतं. मग मी वहीच्या मागच्या पानावर त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहू लागलो. डिस्प्रोशियमच्या बाटलीच्या झाकणावर पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवली. खूण जागेवर असली तरी मला वाटायचं, यानं ती पाहिली आणि झाकण पुन्हा तसंच बसवलं. त्यानं चहाला बोलावलं तर वाटायचं, मला खोलीबाहेर काढतो आहे. नाही बोलावलं तर वाटायचं, आत काहीतरी चाललंय.

नमुना भाजायची आमची क्रूसिबलं, म्हणजे सिलिकाच्या छोट्या वाट्या, आम्लात धुऊन एका कपाटात राहायच्या. कपाटाला कुलूप नव्हतं. मी माझी चारही क्रूसिबलं रोज संध्याकाळी जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात घालून शहराच्या वेशीवरच्या वाडी गावी, घरी न्यायला लागलो. वडील तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होते आणि गोदामामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सकाळी डबा उघडला की वाट्या लखलखीत असायच्या. आपल्या ताब्यात राहिलेली वस्तू शुद्धच असणार, म्हणून मी त्या पुन्हा आम्लात घालत नसे. थेट भट्टीत.

पुढचे तिन्ही नमुने मेले. रेघ सरळ, इस्त्री केल्यासारखी.

वाट्या माझ्याकडे होत्या, तेव्हा घोळ बाटलीतच असणार आणि बाटलीला हात लावणारा एकच, असा हिशेब मी मांडला. वही घेऊन सरांकडे गेलो. त्याचं नाव मी घेतलं नाही. एवढंच म्हणालो, “सर, माझ्याआधी खोलीत कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे.” वहीचं पान मात्र उघडून समोर ठेवलं.

सरांनी त्याला बोलावून किल्ली मागितली. काय बोलणं झालं, मला कळलं नाही. तो बाहेर आला, टेबलावरच्या लाल भुकट्या एका खोक्यात भरल्या आणि माझ्यापाशी थांबला.

“तूनं सांगितलं का?” त्यानं विचारलं.

मी रेघेच्या कागदाची गुंडाळी करत राहिलो. मुदतवाढ मला मिळाली. तो कोराडीला वीज केंद्रात लागला, कोळशाचे नमुने तपासायला.

त्यानंतर आलेल्या पहिल्या रविवारी मी दुपारी मोरीपाशी गेलो, तर आई भांडी घासत होती. सिगडीतली राख, नारळाची शेंडी, आणि तिच्या चिमटीत माझं क्रूसिबल. मी विचारलं, हे कधीपासून. ती म्हणाली, “तू आणून राहिला तवापासून, बाबू. तुह्या त्या वाट्या डागी पडल्या होत्या. म्या राखेनं लख्ख केल्या.” तिला वाटत होतं मी कौतुक करीन.

दगडी कोळशाची राख. तिच्यात लोखंड असतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं.

सोमवारी मी नवी क्रूसिबलं आम्लात धुतली, बाटली तीच ठेवली आणि नमुना भाजला. डोंगर कागदाबाहेर गेला. सर आले, रेघ पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बघितलंस? खोली स्वच्छ झाली.” तोंड उघडायची ती वेळ होती. मी म्हणालो, “हो सर.” त्या ‘हो सर’वर माझी पदवी आणि पुढची नोकरी उभी आहे.

दहा-बारा वर्षांनी, आई गेल्यावर, मी कोराडीला त्याच्या क्वार्टरवर गेलो. दोरीवरच्या कपड्यांवर राख पडली होती आणि तो एकेक झटकून, घडी करून आत नेत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं घडी अर्धवट सोडली नाही.

“सरांले सांगितलं?” त्यानं विचारलं.

मी नाही म्हणालो.

“मंग मले काहून सांगून राहिला गा? म्या नाही केलं, हे तं मले माहीतच होतं.”

त्याच्या बायकोनं चहा आणला. तो मी कसाबसा प्यालो आणि निघालो. फाटकापर्यंत तो आला नाही.

पुढच्याच आठवड्यात सरांकडे गेलो. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, ऐकायला कमी येत होतं. मी त्याचा विषय काढला. बराच वेळ त्यांना कोण ते आठवेना. मग म्हणाले, “अच्छा, तो. बाटल्या चोरायचा, तोच ना?”

चोरी हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता. मी म्हणालो, सर, त्यानं काही केलं नव्हतं, चूक माझ्या घरी झाली, माझी आई राखेनं वाट्या घासायची. ते मान हलवत होते. मग म्हणाले, “आई कशी आहे आता?”

मी खुर्ची त्यांच्या कानाजवळ ओढली आणि पहिल्या बिघडलेल्या नमुन्यापासून पुन्हा, मोठ्या आवाजात, सांगायला लागलो.