कार्डअंकलच्या दारावरची बेल

कार्डअंकलच्या दारावरची बेल वाजवण्यात काही अर्थ नसे. मरोळ गावठाणातल्या त्यांच्या बैठ्या घराला चांगली खणखणीत बेल होती, पण कामाला बसताना अंकल कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवत आणि मग जग गेलं उडत! आम्ही शेजारी सरळ मागच्या खिडकीशी जाऊन हात हलवायचो. त्यांचं लक्ष गेलं तर आत, नाही तर पुन्हा संध्याकाळी.

कार्डअंकल हे नाव त्यांना गावठाणानंच ठेवलेलं. आयुष्यभर इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त केलेला हा माणूस बायको गेल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या नादी लागला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं उमटवायला जे कार्ड बसवतात, ते एकट्यानं अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चालवू शकेल, मुख्य प्रोसेसरची गरजच नाही, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. "अरे बाबा, एवढं ताकदीचं कार्ड आणि दर गोष्टीला त्या प्रोसेसरच्या तोंडाकडे बघतं. का म्हणून? स्वतःच्या पायावर उभं राहू दे ना त्याला!" मी प्रोग्रामर, त्यामुळे हे ऐकून घ्यायला हक्काचा.

मी वाद घालायचो. उन्हाळ्यात गावठाणात बाटली मसाला, म्हणजे बाटल्यांत भरून ठेवायचा वर्षभराचा मसाला, कुटायला बायका येतात, तो दाखला मी अंकलना द्यायचो. "तुमचं कार्ड म्हणजे त्या कुटणाऱ्या बायका, अंकल. सगळ्यांचे हात एका तालात. पण एकीला मध्येच दार उघडायला पाठवलं की सगळ्यांचा ताल मोडतो. आणि ऑपरेटिंग सिस्टिमला तर दिवसभर दारच उघडायचं असतं. कोणी बटण दाबलं, कोणी फाइल मागितली की उठायलाच लागतं."

"मग हळू चालेल," अंकल म्हणायचे. "हळू तर मी पण चालतो. चालतो की नाही?"

कप्पाळ! चालत होते खरे. बाजारातून बोंबील आणायचे, स्वतः साफ करून तळायचे, रविवारी चर्चला जाऊन यायचे. कुणी पिशवी धरायला हात पुढे केला तर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे.

त्यांची मुलगी जेनी मुलुंडला राहायची. "पापा, माझ्याकडे ये," एवढं एकच मागणं तिचं. अंकल ते ऐकायचे आणि तिला आणखी एक बोंबील वाढायचे. एकदा भर दुपारी ती डबा घेऊन आली तर दार आतून बंद. बेल वाजवली, हाका मारल्या, खिडकीही त्या दिवशी लावून घेतलेली. शेवटी रडत रडत तिनं आम्हाला गोळा केलं आणि आम्ही कडी तोडली. आत अंकल दाराकडे पाठ करून कीबोर्ड बडवत बसलेले! मागे वळून म्हणाले, "कडी का तोडली? चांगली होती ना!" जेनी जमिनीवर बसली आणि डबा मांडीवर घेऊन रडत राहिली. मला अंकलचा तेव्हा खरंच राग आला होता.

त्याच दिवशी पैज लागली. कार्ड एकट्यानं चाललं तर जेनीनं पुन्हा मुलुंडचं नाव काढायचं नाही. नाही चाललं तर अंकलनी सामान बांधायचं. "एकदा चालू करून देईन," अंकल म्हणाले, "नंतर प्रोसेसरनं हात लावायचा नाही."

पुढचे कित्येक महिने अंकल त्याच्या मागे होते. मग एका रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी मला आणि जेनीला समोर बसवलं. कानातलं यंत्र टेबलावर, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागली, इतकी सावकाश की मध्ये आमचा चहा पिऊन झाला. पण उमटली. शेवटी खाली घड्याळ आलं आणि चालायला लागलं. अंकलनी प्रोसेसरवरचे आपले सगळे प्रोग्राम बंद केले. घड्याळ चालूच! मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. माझे सगळे वाद पाण्यात गेले होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

जेनीनं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाली, "जिंकलास तू, पापा."

पोरीचं तोंड उतरलेलं अंकलना बघवलं नाही. त्यांनी कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. "ये, पहिलं नाव तुझं. टाइप कर."

तिनं टाइप केलं. पडद्यावर काहीच आलं नाही. तिनं पुन्हा केलं, जरा जोर लावून. घड्याळ आपलं चालत होतं, पण नाव काही येईना. कीबोर्डवर दाबलेलं अक्षर कार्डापर्यंत पोचवायचं काम प्रोसेसरवरचा एक छोटा प्रोग्राम करत होता. जिंकायच्या घाईत अंकलनी इतरांबरोबर तोही बंद करून टाकला होता. मला ते कळलं.

अंकल मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. ते जेनीच्या बोटांकडे बघत होते. ती अजून बटणं दाबत होती. त्यांनी टेबलावरचं यंत्र उचललं, कानात घातलं आणि म्हणाले, "त्या दिवशी किती वेळ उभी होतीस गं दारात?"

"खूप वेळ, पापा."

अंकलनी तिचा हात कीबोर्डवरून उचलून आपल्या हातात घेतला. "चालतं रे ते," मला म्हणाले, "पण बाहेर कोण उभं आहे, ते त्याला कळत नाही."

पावसाळ्याआधी ते मुलुंडला गेले. सामान मीच टेम्पोत चढवलं, आणि या वेळी पिशवीसुद्धा त्यांनी मला धरू दिली. मरोळ मला त्या दिवशी रिकामं वाटलं. मुलुंडला मी अधूनमधून जायचो. बेल दाबली की दार उघडायच्या आधीच आतून आवाज यायचा, "ऐकू आलं, ऐकू आलं!" जेनीला ते दाराकडे फिरकू द्यायचे नाहीत.

गेल्या वर्षी अंकल गेले. आता दार जेनी उघडते. पण बेल दाबली की मी आतल्या त्या "ऐकू आलं"साठी जरा थांबतो, आणि दार उघडायला आलेल्या जेनीची पावलंही आतल्या बाजूला क्षणभर थांबतात.