रोबोचे मार्क

मुलांनी रोबो बनवला तर शाळेने त्यांना मार्क द्यावेत, ही सूचना भर पालकसभेत मी केली. मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण चहा येईपर्यंत सभेत काहीतरी बोलायचं असतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

झालं होतं असं. माझा मुलगा ओंकार नववीत गेला आणि आमच्या गॅलरीत रोबो शिरला. ओंकार आणि त्याच्या वर्गातले ग्लेन आणि निशा, अशी ही टोळी. सातिवलीच्या भंगारवाल्याकडून त्यांनी गाडीच्या वायपरची मोटर आणली, तिला चाकं जोडली आणि लांबलचक वायरीच्या टोकाला बटणांचा डबा लावला. बटण दाबलं की रोबो सरळ जायचा, वळायचा, पुढ्यातला चेंडू ढकलत न्यायचा. (एकदा माझी चप्पलही. ती अजून सापडलेली नाही.) लवकरच आंतरशालेय स्पर्धा होती, तीही आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. पोरं जेवणखाण विसरली होती.

"याला मार्क किती?" मी विचारलं.

"मार्क नसतात, बाबा. मजा येते."

मजा! नववीत!

"मार्क नसतील तर उद्यापासून हे बंद!"

ओंकारचा चेहरा एवढासा झाला. बायको म्हणाली, "अहो, करू द्या की! निदान टीव्हीसमोर तरी बसत नाहीये." पण मी पडलो तत्त्वाचा माणूस. शेवटी मीच तोडगा काढला आणि पालकसभेत उठून मार्क मागितले. हेडसर इतके खूश झाले की जागच्या जागी जाहीर करून मोकळे: "रोबो-संघात सहभागी होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कार्यानुभवात पैकीच्या पैकी! फक्त सहभाग दिसला पाहिजे!"

टाळ्या पडल्या. घरी येऊन ही बातमी मी अशा थाटात सांगितली की जणू मोटरही मीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी संघात अख्खा वर्ग होता. कालपर्यंत रुमालाला टाके घालणारी मुलं एका रात्रीत शास्त्रज्ञ झाली! आणि सहभाग 'दिसायला' हवा, म्हणून प्रत्येक घरातून रोबोला एकेक अवयव येऊ लागला. पुठ्ठ्याचे कान आले, पत्र्याचे हात आले, थर्माकोलचा मुकुट आला. माणिकपूरच्या एका घरातून नाताळचा चांदणीदिवा आला, बल्बसकट. एकाच्या वडिलांचं तुळिंजला साड्यांचं दुकान होतं, त्यांनी जरीकाठाचा घेर पाठवला. आणखी एक कानांची जोडी आली, तेव्हा ती पाठीवर लावण्यात आली.

"बाबा, तो हलतच नाहीये," ओंकार रडकुंडीला आला होता. "वजन झालंय."

"मग काढा की कुणाचं तरी."

"सगळे म्हणतात, खुशाल काढा, पण आमचं नको."

"लोकांना ना, मार्कांपुढे काही दिसत नाही!" मी म्हणालो आणि माझी पितळी पाटी त्याच्या हातात दिली. पाटीवर ओंकारचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत माझं. (फार बारीक नव्हतं.)

स्पर्धेच्या दिवशी रोबो नवरदेवासारखा नटून उभा होता. ओंकारने बटण दाबलं. घुर्रर्र असा आवाज आला, जळका वास आला, मुकुट थरथरला. बस्स.

परीक्षक बाई इंजिनियर होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं देते. नाहीतर बाद."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती रोबोवर तुटून पडली. मुकुट गेला, कान गेले, घेर गेला, पाटी गेली. उरला तो आमच्या गॅलरीतला जुना, उघडाबोडका रोबो. आणि तो निघाला! सरळ गेला, झोकात वळला, चेंडू ढकलत शेवटच्या रेषेकडे धावला. माझे डोळे भरून आले. हे माझं पोर!

एवढ्यात मागून आवाज आला, "आमच्या पोरीचा हात कुनी काढला?"

"कान नाही दिसले म्हणजे सहभाग नाही! मार्क गेले ना!"

झालं! आपापला अवयव उचलून सगळे पालक रोबोच्या मागे पळत सुटले. एकाच्या तोंडात चिकटपट्टी, एकीच्या हातात फेव्हिकॉल.

"ओंकार बेटा, एक मिनिट थांबव रे, फक्त कान लावतो!"

"काका, साइडला व्हा ना!"

हेडसर "शिस्त! शिस्त!" म्हणून ओरडत होते आणि ग्लेन हात पसरून गोलकीपरसारखा पालक अडवत होता. खरं तर मीही अडवायला हवं होतं. पण माझी पाटी माझ्या पायाशीच पडली होती. वाटलं, सगळ्यांचं लागलं आणि माझाच मुलगा बिनमार्कांचा राहिला तर? (रोबो माझाच मुलगा चालवत होता, हे त्या क्षणी लक्षात आलं नाही.) मी पाटी घेऊन झेपावलो आणि वायरीत पाय अडकून आडवा झालो. वायर तुटली. रेषेपासून वीतभर अंतरावर रोबो थांबला, कायमचा.

परीक्षक बाईंनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

ओंकारने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "माहीत नाही, मॅडम."

आमची शाळा बाद झाली. पण हेडसर शब्दाला जागले. वर्गातल्या प्रत्येकाला पैकीच्या पैकी मिळाले, अगदी गोवराने महिनाभर घरी असलेल्या मुलालाही. पाठीवरचे कान त्याचे होते. ओंकारने मात्र गुणपत्रिका उघडूनही पाहिली नाही. गॅलरी रिकामी झाली आणि मला ती बघवेना.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी तिथे पुन्हा वायरी दिसल्या. तीच टोळी डोक्याला डोकं लावून बसली होती. मला पाहताच निशाने सगळ्यावर टॉवेल टाकला.

"काय बनवताय रे?" मी जमेल तितक्या गोडीने विचारलं.

"रेडिओ," ओंकार म्हणाला. मग उठून जवळ आला आणि हळूच बोलला, "बाबा, प्लीज, शाळेत सांगू नका. मार्क देतील."

तेव्हापासून पालकसभेला बायको जाते. मी घरी बसून वायरी ओलांडायची प्रॅक्टिस करतो.